आमच्या वर्गातली 'पेन्सिल' गेली. तिला धरसोडीची म्हणायचं का?

नौपाड्याची_मी

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात बातमी आली. झोपेतच गेली, हृदयविकाराचा झटका. नाव लिहीत नाही, तिच्या मुलीने तशी विनंती केली आहे. आमची १९८० ची दहावीची बॅच, शाळा नौपाड्यातली. ही उंच, काटकुळी आणि कानावर कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून नाव पडलं पेन्सिल. साठी आली तरी आम्ही तिला त्याच नावाने हाक मारायचो आणि ती 'ओ' द्यायची.

ग्रुपवर नेहमीप्रमाणे हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग एकाने लिहिलं, "हुशार होती, पण एका जागी टिकली नाही. एवढी धरसोड केली नसती तर कुठल्या कुठे गेली असती." त्यावर भराभर अंगठे पडले. माझ्या डोक्यात ते वाक्य बसलंय, म्हणून इथे धागा काढतेय. इथल्या जुन्या ठाणेकरांपैकी कुणाचा ना कुणाचा तिच्याशी संबंध आला असणार.

मला माहीत असलेली तिची कामं सांगते. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टायपिस्ट. मग चरईतल्या छापखान्यात. मग भावाबरोबर एसटीडी बूथ. बूथमध्येच कॉम्प्युटर ठेवून डीटीपी. मध्ये काही काळ कोर्टाबाहेर टायपिंग. शिवाय कॅसेटवर पुस्तकं वाचणं. शेवटी हेडफोन लावून घरबसल्या काहीतरी करायची, ते काय होतं ते तिने दोनदा समजावूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

अशी यादी केली की धरसोड दिसते, कबूल. पण यातलं कोणतं काम तिने सोडलं आणि कोणत्या कामाने तिला सोडलं, हे कुणी विचारलंच नाही.

सुरुवातच बघा. वडील परळच्या गिरणीत होते, ठाण्याहून रोज लोकलने जाऊन-येऊन. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमची बारावीची परीक्षा तोंडावर होती. अडीच लाख कामगार बाहेर, त्यात तिचे वडील. हिला डॉक्टर व्हायचं होतं आणि आमच्यापैकी कुणाला ती होईल याबद्दल शंका नव्हती. निकाल चांगला लागला, पण जूनमध्ये आम्ही कॉलेजचे फॉर्म भरत होतो तेव्हा ती गोखले रोडला टायपिंग क्लास लावून आली होती. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. तेवढं सर्टिफिकेट असलं की नोकरी मिळते, घरात सहा माणसं आहेत, असं म्हणाली आणि विषय बदलला. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. वडील परत कामावर गेले नाहीत.

ज्यांना तिचं काही आठवत असेल त्यांनी लिहा.

मागचा बाक

ग्रुपवर ते वाक्य मीच लिहिलं होतं, त्यामुळे लपत नाही. ती गेल्याचं वाईट मलाही वाटलंय. पण संप एकट्या तिच्याच घरी नव्हता. माझे काकाही गिरणीतच. मी तेव्हा एका बँकेची परीक्षा दिली, चिकटलो आणि सदतीस वर्षांनी निवृत्त झालो. तिला तर माझ्या दुप्पट डोकं होतं. तीही बँकेत बसू शकली असती. तिला परीक्षेचा फॉर्म मी स्वतः आणून दिला होता, तिने तो भावाला दिला. आता बोला.

रोड नंबर बावीस

मी त्याच कंपनीत मशीन शॉपला होतो. वर्गमित्र नव्हे, वयाने मोठा. पेन्सिल हे नाव आजच कळलं, आम्ही त्यांना 'ऑपरेटरताई' म्हणायचो, कारण टायपिंगबरोबर टेलिफोनचा बोर्डही त्याच सांभाळायच्या.

आजच्या पोरांना वागळे म्हटलं की काचेच्या इमारती आणि आयटी पार्क दिसतात. एमआयडीसी १९६२ ला स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे आमची वागळे इस्टेट. सकाळी सातच्या भोंग्याला किसननगरकडून माणसांचा लोंढा यायचा. १९८० नंतर एकेक गेट बंद व्हायला लागलं. आमच्या कंपनीने सरळ टाळं लावलं नाही. शंभरच्या वर कामगार असले की बंद करायला सरकारची परवानगी लागायची, औद्योगिक विवाद कायद्याचं २५-ओ कलम. मालकाने ती मागितलीच नाही. विजेचं बिल थकवलं, लाइट कापून घेतली आणि कच्चा माल येत नाही म्हणाला. पगार थांबले. आम्ही आत अंधारात बसून राहायचो.

तेव्हा या ताईंनी काय केलं ते सांगतो. त्या ऑफिस स्टाफमध्ये, युनियनच्या सभासदही नव्हत्या. पण प्रत्येक कामगाराच्या ग्रॅच्युइटीचा दावा त्यांनी टाइप करून दिला. हिशेब असा असतो: शेवटचा महिन्याचा पगार, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षं. आमच्यातल्या निम्म्यांना रुजू झाल्याची तारीख धड सांगता येत नव्हती. कुणी म्हणे थोरल्या पोरीच्या बारशाला लागलो, कुणी म्हणे दुष्काळात. त्या त्यावरून साल काढायच्या, मग हजेरीपटाशी ताडून बघायच्या. एका दाव्याच्या चार प्रती, मध्ये तीन कार्बन. चूक झाली तर चारही कागदांवर खोडरबर फिरवायचा आणि कार्बनचा डाग पडू नये म्हणून प्रत्येक कागदामागे चिठोरा धरायचा. मी शेजारी बसून चिठोरे धरलेत. एका पानाला अर्धा तास लागला तरी त्या डागाळलेलं पान देत नसत. त्या म्हणायच्या, न्यायाधीशाला पहिल्यांदा कागद दिसतो, माणूस मागाहून.

पैसे मिळायला बरीच वर्षं गेली, पण मिळाले. त्यांची स्वतःची नोकरी पाच वर्षांच्या आत होती, म्हणून त्यांना ग्रॅच्युइटीचा एक पैसा मिळाला नाही. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मागचा बाकसाहेब, बँकेत टाळं लागत नाही.

तलावपाळी

नौपाड्याची_मी, बरं झालं धागा काढलास. वाचताना गळा दाटून आला. पण मी तिची जवळची मैत्रीण म्हणून एक सांगते, तिला देव्हाऱ्यात बसवू नका. कंटाळा आला की ती सोडायची हेही खरं आहे.

आमचा हौशी नाटकाचा ग्रुप होता, राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचा. ती प्रॉम्प्टर. गडकरी रंगायतनच्या विंगेत स्टुलावर बसून, वहीवर हाताएवढा टॉर्च. प्रॉम्प्टिंग म्हणजे नुसतं वाक्य पुरवणं असं लोकांना वाटतं. नटाने घेतलेला पॉज आणि नट विसरलाय म्हणून पडलेली शांतता यात फरक करता यावा लागतो. तो तिला श्वासावरून कळायचा. एकदा आमचा नायक पूर्ण पान गाळून पुढे गेला. हिने विंगेतून त्याला मागे खेचला नाही. समोरच्या नटीला असं एकच वाक्य पुरवलं की गाळलेल्या पानातली माहिती त्यात बसली. ते वाक्य संहितेत नव्हतंच. परीक्षकांना कळलंसुद्धा नाही.

आणि पुढच्या वर्षी तालमीच्या ऐन वेळी बाईसाहेब म्हणाल्या, "मला आता कंटाळा आला." संपलं. आम्ही दोन महिने तिच्याशी बोललो नाही. पन्नाशीनंतर पौरोहित्याच्या वर्गाला जायला लागली. बायका छान पौरोहित्य करतात हल्ली, तिचे उच्चार तर स्वच्छच. सहा महिन्यांत तेही बंद. विचारलं तर म्हणे दक्षिणेचं पाकीट घेताना यजमान डोळे चुकवतात, ते नको वाटतं. यात कुठली गिरणी बंद पडली होती?

मागचा बाक

तलावपाळी, धन्यवाद. मी वेगळं काय म्हणत होतो?

जुळारी

आमचा छापखाना होता चरईत. वडिलांचा. त्यांनी या बाईंना प्रूफं वाचायला ठेवलं होतं, खिळे जुळवायला नव्हे. तेव्हा जुळारी म्हणजे पुरुषच.

हे काम आता कुणी पाहिलेलं नसेल म्हणून थोडं सविस्तर लिहितो. समोर लाकडी केस, त्यात शेकडो खण, प्रत्येक खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. इंग्रजीचं सव्वीस अक्षरांत भागतं. देवनागरीला जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या धरून केसेस पसरत जातात. अखंड टाइप वेगळा, डिग्री टाइप वेगळा. डिग्रीत मात्रा-वेलांटीचे सुटे तुकडे अक्षराच्या वर-खाली बसवायचे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजव्या हाताने खिळे टिपायचे, ओळ भरली की गॅलीत, म्हणजे पसरट तबकात. आणि सगळं उलटं, कारण कागदावर सुलटं उमटायला हवं.

दुपारी जुळारी जेवायला गेला की बाई त्याच्या केसपाशी उभ्या राहून खणांच्या जागा पाठ करायच्या. वडिलांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी काहीच म्हटलं नाही. पुढे लगीनसराईत एक जुळारी गावी गेला तो आलाच नाही आणि पत्रिकांचा ढीग पडला. बाईंनी पदर खोचला आणि स्टिक हातात घेतली. उलटा मजकूर त्या इतका सरळ वाचायच्या की प्रूफ काढायच्या आधीच गॅलीतली चूक चिमट्याने उचलायच्या. छपाईच्या ट्रेडल मशीनवर चढवलेला फर्मा, म्हणजे बांधून तयार झालेला मजकूर, त्यांनी थांबवलाय हे मी पाहिलंय. गिऱ्हाइकाशी भांडायच्या मात्र फार. पत्रिकेत आशीर्वाद ऱ्हस्व छापायला एकाने हट्ट धरला, तर त्याची आगाऊ रक्कम परत करून मोकळ्या. वडील कपाळाला हात लावून बसले.

दहाएक वर्षांपूर्वी त्या पाचपाखाडीत दिसल्या. दुकानाच्या काचेच्या दारावर आतून लावलेली पाटी बाहेरून वाचत उभ्या. म्हणाल्या, सवय जात नाही.

ऑफसेट आला, पाठोपाठ कॉम्प्युटर आला. आम्ही खिळे किलोवर विकले. शिसं वितळवायला गेलं. बाई सोडून गेल्या नाहीत, आम्हीच म्हणालो की उद्यापासून काम नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळे खिळे ज्याचे त्याच्या खणात परत टाकले. भंगारात द्यायचे होते तरी.

घोडबंदरी

मी या सगळ्यांपेक्षा खूप लहान आहे, फक्त वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: एसटीडी बूथवर नक्की काय काम असायचं? फोन तर लोकच लावत असतील ना?

पावशेर

घोडबंदरीबाई, तुमच्या प्रश्नाने मी एकदम म्हातारा झालो.

तिचा बूथ उथळसरला होता. भावाला पोलिओ झालेला, अपंगांना प्राधान्याने बूथ मिळायचे त्यात मिळाला. मी तेव्हा शेजारच्या इमारतीत भाड्याने राहायचो आणि बायको माहेरी, नागपूरला. रात्री उशिरा पाव दर लागायचा, म्हणून रात्री बूथवर दिवसापेक्षा जास्त गर्दी. काचेच्या खोक्यात आपण, डोक्यावर मीटरचे लाल आकडे पळतायत, बाहेर दहा जण घड्याळ बघतायत. पुढचा पल्स, म्हणजे बिलाचं पुढचं एकक, पडायच्या जरा आधी ती पेनने काचेवर टकटक करायची. इतर बूथवाले तसं कशाला करतील? त्यांचा धंदाच पल्सवर. आखातात नवरे असलेल्या बायका मुद्दाम हिच्याकडे यायच्या. लाइन मिळेना तर ही पुन्हा पुन्हा नंबर फिरवत बसायची, आणि बोलणं संपवून रडत बाहेर येणाऱ्या बाईला सुटे पैसे नंतर द्या म्हणायची. वहीत लिहायची मात्र. उधारी विसरणाऱ्यातली नव्हती! माझे साडेचार रुपये तिने दिवाळीनंतर वसूल केले.

१९९५ साली मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडायचे, येणाऱ्या फोनलाही पैसे. बूथवाले हसायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि वर्षभरात गल्लीतले बूथ झेरॉक्सची दुकानं झाले. हिने आधीच एका कोपऱ्यात कॉम्प्युटर बसवला होता, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर सोसायट्यांच्या नोटिसा, पत्रिका, दिवाळी अंकांची पानं करायची. बूथ गेला तेव्हा भाऊ खचला. ती कोर्टाबाहेर छत्रीखाली टाइपरायटर घेऊन बसायला लागली, कारण डीटीपीच्या एकट्या कमाईवर दोन घरं चालत नव्हती.

मागचा बाकशेठ, तो बँकेचा फॉर्म भावाला का दिला ते कळलं का?

मागचा बाक

भाऊ त्या परीक्षेत नापास झाला, हेही लिहा.

कोर्टाबाहेरच्या टाइपरायटरचं म्हणाल तर गोदरेजने २००९ मध्ये ते बनवणंच थांबवलं. म्हणजे तिथेही तेच. ठीक आहे, तुमचा मुद्दा पोचला. पण माझा मुद्दा कुणी घेतच नाही. संधी असताना तिने सुरक्षित जागा धरली नाही, याचा आम्हाला राग येतो कारण आम्हाला ती आवडायची. वर्गातल्या सगळ्यांना आवडायची. शेवटच्या वर्षांत ती भाड्याच्या एका खोलीत राहत होती हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला आहे.

नौपाड्याची_मी

मला माहीत होतं. खोलीत पुस्तकं आणि कॅसेट सोडल्या तर एक पलंग. मी पैशांचं विचारलं तेव्हा तिने मला चहा करून दिला आणि माझ्या मुलाच्या पत्रिकेतली चूक दाखवली.

कान_हेच_डोळे

मला जन्मापासून दिसत नाही. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला. कॅसेट हा शब्द आला म्हणून लिहितो.

मी १९९६ ते ९८ ठाण्यात एम.ए. केलं, अर्थशास्त्र. ब्रेलमध्ये मराठी संदर्भ पुस्तकं जवळजवळ नव्हतीच, वाचून दाखवणारं कुणी मिळालं तर पास. यांचा आवाज मी आजही गर्दीत ओळखेन. रात्री दिवसभराचा बूथ आवरल्यावर रेकॉर्डिंग करायच्या. पंखा बंद, कारण त्याची घरघर येते. मे महिन्यातल्या कॅसेटमध्ये मधे मधे टॉवेलने घाम पुसल्याचा आवाज आहे.

वाचणारे पुष्कळ भेटले. बहुतेक जण तक्ते गाळायचे, "इथे एक आकृती आहे" म्हणून पुढे जायचे. त्या आकृती वाचायच्या. आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, रेषा कुठून निघाली, कुठे वाकली, दुसरीला कुठे छेदली. बाजूला कागदावर मी बोटाने काढत जायचो. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला प्रकरण आणि पान क्रमांक. तळटीप आली की "तळटीप सुरू" आणि "तळटीप संपली". नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू संपताना वाक्य अर्धं तुटलेलं मला एकदाही सापडलं नाही.

पुढे कॉम्प्युटर आला आणि आम्हाला वाटलं आता सुटलो. पण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, आतमध्ये असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो, म्हणजे नुसता कचरा. डोळसांना हे कळायचंच नाही, "छान दिसतंय की" म्हणायचे. मी त्यांना फोनवर माझा कॉम्प्युटर काय बडबडतोय ते ऐकवलं. पाच मिनिटं ऐकून घेतलं. नंतर पन्नाशीच्या आसपास त्या इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे मराठी अक्षरांची वेगळीच कळरचना, शिकल्या, आयुष्यभराची टाइपरायटरची बोटं मोडून, आणि स्वतः केलेल्या जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठी म्हणूनच कळेल अशा अक्षरांत, पुन्हा टाइप करायला घेतल्या. याचे त्यांना कुणीही पैसे दिले नाहीत. मी आज जिथे नोकरी करतो तिथली परीक्षा त्यातल्या दोन पुस्तकांवर दिली.

घोडबंदरी

हेडफोनच्या कामाबद्दल मी सांगू शकते. मी त्याच कामात होते, आमची ओळख तिथलीच. फोनला आणि कॉम्प्युटरला मराठी बोललेलं कळावं म्हणून हजारो लोकांचं बोलणं रेकॉर्ड करतात. यंत्राने त्याचा मजकूर केलेला असतो, तो माणसांनी ऐकून दुरुस्त करायचा. पैसे क्लिपमागे, तेही किरकोळ. आमच्या टीममधले बरेच जण आगरी-कोळी बोलीतल्या क्लिप 'अस्पष्ट' म्हणून नाकारायचे. पेन्सिलकाकू (असं म्हटलं तर चालेल ना?) त्या सगळ्या मागून घ्यायच्या. चेंदणी कोळीवाड्याजवळ लहानपण गेलेलं, त्यांना शब्द न् शब्द कळायचा. म्हणायच्या, अस्पष्ट बाई बोलत नाहीये, तुमचे कान घोडबंदरचे आहेत. मला उद्देशून.

आता यंत्र बऱ्यापैकी शिकलंय, काम निम्म्याहून कमी झालंय. त्यांना ते दिसत होतं. पुढे काय करणार विचारलं तर त्यांनी कुठल्याशा क्लासचं माहितीपत्रक दाखवलं होतं. मधमाशीपालन.

तलावपाळी

मधमाश्या!! भाड्याच्या खोलीत!

हे ऐकून मी एकटीच हसत बसलेय. ती दोन वर्षांत सोडणार होती हे मी लिहून देते. पण मध चांगला निघाला असता.

नौपाड्याची_मी

सगळ्यांचे आभार. यातलं निम्मं मलाही नवीन आहे.

आता कामाचं. तिच्या मुलीशी बोलले. खोली महिनाअखेरीला रिकामी करायची आहे. कॅसेटचे तीन खोके आहेत, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात पुस्तकाचं नाव आणि पानं. शिवाय जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीतल्या फाइल्स, तिने युनिकोडमध्ये करायच्या राहिलेल्या. मुलगी परदेशात असते, तिला ते उघडता येत नाही आणि टाकवतही नाही. कुणी हे काम जाणणारं आहे का?

कान_हेच_डोळे

कॅसेट मी घेतो. डेक आहे, कॉम्प्युटरला जोडून डिजिटल करता येतील. टेप चिकटल्या असतील तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवाव्या लागतात, घाईने प्ले करू नका. खोके उन्हात ठेवू नका.

जुळारी

फाइल्ससाठी त्याच जुन्या आवृत्तीचं श्रीलिपी लागेल आणि ते डोंगलशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीवजा तुकड्याशिवाय, चालू होत नाही. माझ्याकडे डोंगल आहे, पण मागच्या प्रिंटर पोर्टला लावायचं. तसा पोर्ट असलेला चालू कॉम्प्युटर कुणाकडे आहे?

रोड नंबर बावीस

वागळेला एक ओळखीचा भंगारवाला जुने कॉम्प्युटर ठेवतो. उद्या बघून सांगतो. पोर्टचा फोटो टाका, मला नावाने कळणार नाही.

मागचा बाक

टाइप करायला माणूस लागेल ना? मला वेळ आहे. इन्स्क्रिप्ट येत नाही, कुणीतरी शिकवा.

नौपाड्याची_मी

रविवारी सकाळी दहाला या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. जिना अरुंद आहे, खोके उतरवायला दोन जण तरी हवेत. घोडबंदरी, तू याला इन्स्क्रिप्ट शिकव. आणि कडक शिकव.